नेपल्सचं आखात : ग्रीक वस्तीपासून व्हेसुव्हियसच्या राखेपर्यंत

नेपल्सला उतरलेला पर्यटक दुसऱ्या दिवशी सकाळी पॉम्पेईची, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहराची, लोकल पकडतो. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केलं. दिवसभर उन्हात फिरलो, फोटो काढले, आणि संध्याकाळी परतताना डोक्यात उरली ती राख आणि मरण, एवढंच. ते शहर तिथे का होतं, कुणी वसवलं, त्याच्या बाजारात माल कुठून यायचा, यातलं काही हाती लागलं नाही. दुसऱ्या खेपेला क्रम बदलला. आधी कूमा, मग पेस्टम, मग पोत्सुओली, आणि शेवटी पॉम्पेई, हर्क्युलेनियम आणि नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. चार दिवस पुरतात, आणि बहुतेक ठिकाणी लोकल गाडी किंवा बस जाते. काळाच्या ओळीने पाहत गेलं की एका जागेतून दुसरी जागा उलगडत जाते. त्या ओळीमागचा इतिहास इथे मांडतो आहे, म्हणजे कुणी निघणार असेल तर एवढं वाचून निघावं.

ग्रीक अवशेष पाहायचे तर ग्रीसलाच जायला हवं, असं आपण धरून चालतो. पण इ.स.पूर्व आठव्या शतकापासून ग्रीक लोक गलबतं घेऊन पश्चिमेकडे निघाले आणि दक्षिण इटली नि सिसिलीच्या किनाऱ्यावर त्यांनी शहरांची माळच वसवली. पुढे रोमन लोक या पट्ट्याला ‘मॅग्ना ग्रेशिया’, म्हणजे ‘मोठा ग्रीस’, म्हणू लागले. मायभूमीत शेतजमीन थोडी, माणसं वाढलेली. आणि इटलीच्या पश्चिम किनाऱ्याला वर गेलं की एट्रुस्कन लोकांच्या मुलखात लोखंड नि तांबं मिळत होतं. आले ते आधी व्यापारासाठी, आणि मग राहिले.

त्यांचा पहिला मुक्काम नेपल्ससमोरच्या इस्किया बेटावर पडला. युबिया बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इ.स.पूर्व ७७० ते ७५०च्या सुमारास तिथे पिथेकुसाय नावाची वस्ती केली. याच वस्तीच्या दफनभूमीत १९५४मध्ये मातीचा एक साधा प्याला सापडला, तुकड्यातुकड्यांत. त्याच्या अंगावर उजवीकडून डावीकडे कोरलेल्या तीन ओळी आहेत. मी नेस्टरचा प्याला, यातून जो पिईल त्याला प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटी प्रेमाने झपाटेल, असा त्यांचा आशय. नेस्टर हा ट्रॉयच्या कथेतला म्हातारा राजा. आपल्या मातीच्या प्याल्यावर त्या राजाच्या सोन्याच्या प्याल्याची थट्टा कुणीतरी कोरली आहे, तीही छंदात. ग्रीक लिपीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांमध्ये याची गणना होते, काळ इ.स.पूर्व आठव्या शतकाचा उत्तरार्ध. वेळ असेल तर बोटीने इस्कियाला जाऊन लाको आमेनो गावच्या संग्रहालयात तो पाहावा. तळहातावर मावेल एवढा आहे.

या प्याल्यावरची अक्षरं मला या सगळ्या प्रवासातली मोठी गोष्ट वाटते. युबियाच्या ग्रीकांची ही वर्णमाला एट्रुस्कनांनी उचलली, त्यांच्याकडून ती रोमनांकडे गेली, आणि तीच आजची रोमन लिपी. आपण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो, ती अक्षरं याच आखातातून जगभर पसरली.

बेटावरून समोरच्या मुख्य भूमीवर पाय ठेवला तेव्हा उभं राहिलं ते कूमा. हे इटलीच्या मुख्य भूमीवरच्या सर्वांत जुन्या ग्रीक शहरांपैकी एक. समुद्राला लागून एक टेकडी, तिच्यावर दोन देवळांचे चौथरे, आणि टेकडीच्या पोटात कोरलेलं लांबलचक भुयार. भुयाराचा छेद वरून निमुळता, खालून रुंद. एका बाजूने उजेडाचे झरोके, त्यामुळे चालताना सावली आणि उन्हाचे पट्टे एकाआड एक अंगावरून जातात. कूमाची सिबिल ही भविष्य सांगणारी स्त्री याच गुहेत बसायची, असं आमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाने १९३२मध्ये जाहीर केलं. ते भुयार संरक्षणासाठी खोदलेलं असावं, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. सिबिलचं नाव मात्र त्याला चिकटलं ते चिकटलंच. आपल्याकडे कुठल्याही जुन्या लेण्यात पांडव राहून गेलेले असतात, तसंच हे.

इ.स.पूर्व ४७४मध्ये एट्रुस्कन आरमार कूमावर चालून आलं. सिसिलीतल्या सिराक्यूजचा राजा हिएरॉन मदतीला धावला आणि त्याने ते आरमार बुडवलं. त्या लढाईत जिंकलेलं एक शिरस्त्राण त्याने ऑलिंपियाच्या देवाला वाहिलं. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. साधारण त्याच सुमाराला कूमाच्या लोकांनी आखाताच्या आतल्या अंगाला नवं शहर आखलं. नाव ठेवलं नेआपोलिस, म्हणजे नवं नगर. तेच आजचं नेपल्स. जुन्या गावठाणातून सरळ रेषेत जाणारे तीन लांब रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या ही आखणी त्याच काळची. अडीच हजार वर्षं त्याच गल्ल्यांतून माणसं जातायत, आज स्कूटर जातात. सान लोरेन्झो चर्चच्या खाली उतरलं की रोमन बाजाराची गल्ली लागते, दुकानांच्या ओळीसकट. मेट्रोसाठी खोदकाम सुरू झालं तेव्हा प्राचीन बंदराच्या गाळात रोमन नावा मिळाल्या. नेपल्समध्ये वेगळं ‘उत्खनन’ पाहायला जावं लागत नाही, फक्त खालच्या मजल्यावर जावं लागतं.

पेस्टमसाठी मात्र पूर्ण दिवस द्यावा. नेपल्सहून दक्षिणेला रेल्वेने सव्वा-दीड तास. छोटं स्टेशन, समोर शहराच्या तटाचा दरवाजा, आणि सरळ चालत गेलं की सपाट शेतांमध्ये तीन देवळं उभी. दक्षिण इटलीतल्या सिबारिस या श्रीमंत ग्रीक शहराच्या लोकांनी इ.स.पूर्व ६००च्या आसपास ही वसाहत केली आणि समुद्रदेव पोसायडनच्या नावाने तिला पोसायडोनिया म्हटलं.

सर्वांत जुनं देऊळ हेरा देवीचं, इ.स.पूर्व ५५०च्या सुमाराचं. अथेन्सच्या पार्थेनॉनपेक्षा शंभर वर्षांनी जुनं. समोरच्या बाजूला स्तंभ नऊ. नऊ म्हणजे विषम, त्यामुळे बरोबर मध्यभागी स्तंभ येतो आणि आतल्या दालनाच्या मधोमधही स्तंभांची रांग जाते. मग देवीची मूर्ती कुठे ठेवायची, हा प्रश्न पडतो. पुढच्या पिढ्यांनी विषम स्तंभ सोडून दिले. शेजारचं दुसरं देऊळ शंभरएक वर्षांनंतरचं, समोर सहा स्तंभ, आणि प्रमाण असं साधलेलं की नजर कुठे अडत नाही. दोन्ही देवळं पन्नास पावलांच्या अंतराने उभी आहेत. गवंड्यांनी चुकतमाकत काय शिकून घेतलं, ते पुस्तक न उघडता डोळ्यांना दिसतं. पहिल्या देवळाच्या स्तंभांना मध्यावर पोट आलेलं आहे, आणि वरचे दगडी टोप ओझ्याखाली दबलेल्या उशीसारखे पसरले आहेत. मी त्या स्तंभांखाली बराच वेळ बसलो होतो. दगडाला भार जाणवतोय, असं वाटायला लावणारी ती रचना आहे.

शहराबाहेर थोड्या अंतरावर १९६८च्या जूनमध्ये एक थडगं उघडलं. पाच दगडी फळ्यांची पेटी, इ.स.पूर्व ४७५च्या आसपासची. चारी बाजूंच्या आतल्या अंगावर मद्यपानाची मैफल रंगवलेली आहे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे मृताच्या डोळ्यांसमोर, एक तरुण उंचावरून पाण्यात सूर मारतोय. खाली हिरवट पाणी, दोन बारीक झाडं, आणि हवेत ताणलेलं ते शरीर. ग्रीक मडक्यांवरची चित्रं हजारोंनी उरली, पण त्या काळची ग्रीक भित्तिचित्रं जवळजवळ उरलेली नाहीत. म्हणून हे एक झाकण इतकं मोलाचं. अवशेषांसमोरच्याच संग्रहालयात आहे.

इ.स.पूर्व ४००च्या सुमारास डोंगरांतल्या लुकेनियन लोकांनी पोसायडोनिया घेतलं आणि इ.स.पूर्व २७३मध्ये रोमने तिथे आपली वसाहत केली. नाव झालं पेस्टम. रोमनांनी देवळांना हात लावला नाही. ग्रीकांची सभा भरायची ते गोल आवार मात्र मातीने भरून टाकलं आणि जवळच आपला चौक आखला. त्याच भागात जमिनीखाली एक बंद दगडी खोली होती. आत ब्राँझच्या आठ घागरी, त्यांत चिकट पदार्थ. ही खोली १९५४मध्ये सापडली. तो पदार्थ मध असावा ही अटकळ तेव्हाचीच, आणि २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत मधाच्याच खुणा मिळाल्या. वीरपुरुषाला किंवा देवतेला ठेवलेला तो नैवेद्य. नव्या राज्यकर्त्यांनी ती जागा उद्ध्वस्त केली नाही, तिच्याभोवती भिंत घातली. जुन्याला झाकून त्यावर आपलं उभारायचं, ही रीत या आखातात पुन्हा पुन्हा दिसते.

पुढे नदीचं तोंड गाळाने भरलं, सपाटीवर दलदल झाली, हिवताप आला. मध्ययुगाच्या सुरुवातीला लोक डोंगरावर निघून गेले. देवळं वाचली ती यामुळेच. दगड काढून न्यायला जवळ मोठं गावच उरलं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर कलावंत आणि वास्तुतज्ज्ञ इथे येऊ लागले आणि ग्रीक स्थापत्य म्हणजे काय याची युरोपची समज या तीन देवळांवरून घडली, कारण तुर्की अमलातल्या ग्रीसमध्ये जाणं तेव्हा अवघड होतं. दलदलीत म्हशी मात्र सुखाने राहिल्या. आजही पेस्टमच्या रस्त्याला लागून म्हशींचे गोठे आहेत आणि त्यांच्या दुधाचं ताजं मोत्सारेला तिथेच मिळतं. महाराष्ट्रातल्या माणसाला परक्या देशात म्हैस दिसली की जो आनंद होतो, तो सांगून कळायचा नाही.

आता पोत्सुओली. पर्यटक इथे फार येत नाहीत, आणि मला विचाराल तर हीच या सगळ्या सहलीची किल्ली आहे. सामोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इ.स.पूर्व सहाव्या शतकात इथे गाव वसवलं. रोमनांनी इ.स.पूर्व १९४मध्ये त्याची वसाहत केली आणि पुतेओली हे नाव दिलं. रोमला स्वतःचं खोल पाण्याचं बंदर नव्हतं. टायबर नदीच्या मुखाशी मोठं कृत्रिम बंदर झालं ते इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यानंतर. तोवर मिसरमधल्या अलेक्झांड्रियाहून येणारी धान्याची प्रचंड जहाजं सव्वादोनशे किलोमीटर दक्षिणेला, पुतेओलीलाच लागायची. रोमन लेखक सेनेकाने लिहून ठेवलंय की अलेक्झांड्रियाच्या जहाजांची शिडं लांबून दिसली की सगळं गाव धक्क्यावर जमा व्हायचं.

धक्काही साधा नव्हता. या परिसरातली ज्वालामुखीची राख चुन्यात कालवली की तो चुना समुद्राच्या पाण्यातही घट्ट धरतो. रोमनांनी याच्या जोरावर पाण्यात कमानींचा धक्का बांधला. सिमेंटच्या धंद्यात ‘पोझोलाना’ हा शब्द आजही चालतो, तो या गावच्या नावावरून आलेला.

गावाच्या मधोमध, रस्त्याच्या पातळीखाली, रोमन मंडई आहे. १७५०मध्ये खोदली तेव्हा सेरापिस देवाची मूर्ती मिळाली म्हणून लोक तिला सेरापिसचं देऊळ समजले. चौकाभोवती दुकानांच्या खोल्या, मधे गोल चौथरा, आणि एका बाजूला संगमरवराचे तीन उंच स्तंभ. स्तंभ खाली गुळगुळीत आहेत. मग मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, भोकाभोकांचा काळपट पट्टा आहे, वाळवी लागलेल्या लाकडासारखा. ती भोकं दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांची. म्हणजे हे स्तंभ कधीतरी तिथवर समुद्रात बुडाले होते आणि पुन्हा, उभेच्या उभे, वर आले. गावाखाली ज्वालामुखीचं विस्तीर्ण मुख आहे, आणि तिथली जमीन श्वास घेतल्यासारखी खालीवर होते. चार्ल्स लायेलने १८३०मध्ये भूशास्त्राच्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला याच तीन स्तंभांचं चित्र छापलं, पृथ्वीचं कवच हळूहळू हलतं याचा पुरावा म्हणून.

हे सगळं इतिहासजमा नाही. १९७०मध्ये जमीन वर येऊ लागली म्हणून किल्ल्यासारख्या उंचवट्यावरची जुनी वस्ती, रिओने तेर्रा, रिकामी करण्यात आली. १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत जमीन सुमारे पावणेदोन मीटर वर आली. बंदरातलं पाणी इतकं उथळ झालं की धक्का नव्याने खाली बांधावा लागला. अलीकडच्या वर्षांत जमीन पुन्हा वर येते आहे, भूकंपाचे धक्के बसताहेत आणि तिथली माणसं काळजीत आहेत. अवशेष पाहताना शाळेत निघालेली मुलं शेजारून जात असतात, तेव्हा हे सतत जाणवतं. रिओने तेर्राच्या खाली आता रोमन रस्ते पाहता येतात. वरच्या कॅथेड्रलला १९६४मध्ये आग लागली, गिलावा गळून पडला, आणि आतून ऑगस्टसच्या काळातलं संगमरवरी देऊळ निघालं. आज तिथे त्या रोमन स्तंभांमध्येच प्रार्थना होते.

पुतेओलीच्या धक्क्यावरून आपल्याला थेट घरचा रस्ता लागतो. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे खलाशी-व्यापाऱ्यांचं टिपण आहे. त्यात भडोच, सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं येतात, आणि आतल्या मुलखातली पैठण आणि तेर ही गावंही. पैठणहून भडोचला गाड्यांमधून गोमेदाचे दगड येतात, तेरहून सुती कापड येतं, असं लेखक लिहितो. हा माल मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रात, तिथून उंटांवरून नाईल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रियाला, आणि अलेक्झांड्रियाहून पुतेओलीला. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या मिसरच्या वाळवंटी वाटेवर, एका कपारीत, पुब्लिउस अन्निउस प्लोकामुस नावाच्या बड्या माणसाच्या हाताखालच्या लिसासने ग्रीक आणि लॅटिनमध्ये आपलं नाव कोरून ठेवलंय. तारीख ५ जुलै, इ.स. ६. जुलै म्हणजे हिंदुस्थानाकडे निघायचा मोसम. आणि अन्निउस हे पुतेओलीतलं नावाजलेलं घराणं.

माल तिकडे गेला तसा इकडेही आला. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात एक रोमन सुरई होती, आणि वीतभरापेक्षा लहान अशी पोसायडनची मूर्ती. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची ती शान आहे. पोसायडनच्या नावाने वसलेलं शहर पाहून परत आल्यावर, तोच देव आपल्या करवीरनगरीत कसा येऊन पोचला असेल याचा विचार मनातून जात नाही.

इतकं पाहून झालं की मग पॉम्पेई. त्रिकोणी चौकात इ.स.पूर्व सहाव्या शतकातल्या ग्रीक धाटणीच्या देवळाचा चौथरा आहे. आता तो ओळखीचा वाटतो, कारण त्याची मोठी भावंडं पेस्टमला पाहिलेली असतात. मूळ गाव स्थानिक ओस्कन लोकांचं, मग सॅमनाइटांचं. इ.स.पूर्व ८९मध्ये रोमन सेनापती सुल्लाने वेढा घातला. त्याच्या यंत्रांनी फेकलेल्या दगडगोळ्यांचे खड्डे उत्तरेच्या तटावर अजून दिसतात. इ.स.पूर्व ८०मध्ये त्याने आपले निवृत्त सैनिक इथे वसवले आणि पॉम्पेई कायदेशीरपणे रोमन झालं. म्हणजे ज्या रोमन शहराचं चित्र जगभर छापलं जातं, ते नष्ट झालं तेव्हा रोमन होऊन जेमतेम दीडशे वर्षं झाली होती.

पॉम्पेईबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी दोनच गोष्टींपाशी थांबतो. एक, भिंतींवरचा निवडणुकीचा प्रचार. अमक्याला निवडून द्या, तो लायक माणूस आहे, अशा रंगवलेल्या घोषणा अडीच हजारांहून जास्त मिळाल्या आहेत. कुणाला पाववाल्यांचा पाठिंबा, कुणाला फळवाल्यांचा. रात्री कंदिलाच्या उजेडात पेंटर लोक त्या रंगवायचे. ग्रामपंचायतीच्या मोसमात गेरू आणि चुन्याने रंगलेल्या भिंती ज्याने पाहिल्यात, त्याला भाषांतराची गरज पडू नये. दुसरी, पावाच्या भट्ट्या. लाव्हाच्या दगडाची, कमरेएवढी उंच, डमरूच्या आकाराची जाती ओळीने उभी आहेत, गाढव फिरेल एवढी फरसबंदी भोवती, शेजारी भट्टी. एका भट्टीत १८६२मध्ये ८१ पाव जळून कोळसा झालेले मिळाले, वरून आठ भागांत चिरलेले.

व्हेसुव्हियसचा उद्रेक इ.स. ७९चा. जुन्या हस्तलिखितांवरून तारीख २४ ऑगस्ट धरली जायची, पण २०१८मध्ये एका घरात कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद मिळाली आणि आता शरद ऋतूकडे कल आहे. डोंगरावर छत्रीसारख्या पाइन वृक्षाच्या आकाराचा ढग उभा राहिला, असं वर्णन धाकट्या प्लिनीने दोन पत्रांत केलंय. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि आखाताच्या दुसऱ्या टोकाला, मिसेनमला होता. त्याचा मामा, थोरला प्लिनी, तिथल्या आरमाराचा प्रमुख. तो जहाजं घेऊन माणसं वाचवायला निघाला आणि स्टाबिएच्या किनाऱ्यावर मरण पावला.

हर्क्युलेनियमला राखेऐवजी धगधगत्या वायूचे आणि चिखलदगडाचे लोट आले आणि गाव वीसएक मीटर खोल गाडलं गेलं. त्यामुळे तिथे लाकूड उरलं: दरवाजे, तुळया, पाळणा, सगळं कोळशाच्या रूपात. १७३८मध्ये नेपल्सच्या बूर्बों राजाने तिथे भुयारं खणून मूर्ती काढायला सुरुवात केली, पॉम्पेईत १७४८मध्ये. ते खरं तर खजिना उपसणं होतं. भिंतीवरची चांगली चित्रं कापून राजवाड्यात नेली गेली. शिस्तीचं काम जुझेप्पे फिओरेल्लीने १८६३पासून केलं. राखेतल्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतून मृत माणसांचे आकार त्यानेच जिवंत केले. हर्क्युलेनियमच्या एका बंगल्यातून अठराव्या शतकात निघालेल्या शेकडो जळक्या पपायरस गुंडाळ्या आज क्ष-किरण आणि संगणकाच्या मदतीने न उलगडता वाचल्या जाताहेत. २०२३मध्ये पहिला पूर्ण शब्द हाती लागला, ‘जांभळा’ या अर्थाचा.

राजाने काढून नेलेल्या वस्तू नेपल्सच्या संग्रहालयात आहेत, म्हणून ते शेवटी पाहायचं. सगळे जण अलेक्झांडर आणि दारियस यांच्या लढाईच्या मोझेकसमोर गर्दी करतात, आणि ते आहेच तसं. पण मला दाखवायची आहे ती एक छोटी वस्तू. पॉम्पेईच्या मोठ्या बाजाररस्त्यालगतच्या एका घरात माइउरीला १९३८मध्ये हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. उंची सुमारे २४ सेंटिमीटर. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र भरगच्च: गळ्यात हार, कमरेला मेखला, हातभर बांगड्या, पायात जड तोडे. दोन्ही अंगांना प्रसाधनाचं साहित्य धरलेल्या दोन छोट्या दासी. डोक्यातून उभं भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा लहान मेजाचा पाय असावी. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव रूढ झालंय. हातात कमळ नाही, म्हणून यक्षी म्हणणं जास्त योग्य. कामुक चित्रंशिल्पं वेगळी ठेवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात केलेल्या ‘गुप्त दालना’त तिला जागा दिली आहे. मला हे पटत नाही. तिची जागा व्यापाराच्या दालनात हवी, पुतेओलीच्या धक्क्याच्या नकाशाशेजारी.

हिंदुस्थान दर वर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने लिहून ठेवली आहे. तो ज्या उद्रेकात गेला, त्याच उद्रेकाने ही मूर्ती राखेखाली जपली.

ती घडली कुठे, यावर वाद आहे. तळाशी खरोष्ठी या वायव्य हिंदुस्थानातल्या जुन्या लिपीतलं एक अक्षर आहे, ते तिकडे बोट दाखवतं. पण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे सांची आणि भारहूतच्या दानलेखांत येणाऱ्या भोगवर्धनला, १९७३मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी उत्खनन केलं, तेव्हा अगदी याच धाटणीची हस्तिदंती स्त्री निघाली, दोन दासींसह. तिची आणखी एक बहीण तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. नेपल्सला जाण्याआधी तेरला जाऊन तिला पाहून यावं, म्हणजे तिथल्या काचेपलीकडचा चेहरा ओळखीचा वाटेल.